कामावरून आलेली बाई

नाही नाही, ती पिशवी तुमच्याकडेच राहू द्या. मला काही नको. आभार तर मुळीच नकोत. बसा आधी — खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे, सहा वर्षं अर्ज करतेय, माझी निघायची वेळ आली तरी खुर्ची काही आली नाही — तो स्टूल घ्या. हां. तर आत्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणता. कधी त्या दालनात गेलीस तर तळघरातल्या बाईंना भेटून ये. एवढंच म्हणाल्या? आणखी काही नाही? बरं. भेटलात. झालं. आता वर जा, वर सगळं कसं झगमगतंय, उद्या दालनाला चाळीस वर्षं होतायत त्याची तयारी चाललीय, गालिचे आलेत, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत आहे, यादी मीच टाइप केलीय — इथं काय बघायचं? ट्यूबलाइट आणि मी.

काय? भाषण? तुम्हाला? — हो, ते नेहमी 'दोनच शब्द बोला' म्हणतात आणि माइक हातात देऊन आपण बाजूला होतात. तुमच्या काकांचं चित्र इथं कसं आलं ते सांगायचं? आणि तुम्हाला काहीच ठाऊक नाही, कारण तेव्हा तुम्ही पाळण्यात असाल, आणि आत्या काही बोलायच्या नाहीत. नाहीच बोलायच्या त्या. बरं, सांगते. दहा मिनिटांत सांगते, मला पुढच्या माणसाकडे ताबा द्यायची ही यादी पुरी करायचीय, महिनाअखेर मी मोकळी. चाळीस वर्षं, ताई. विसाव्या वर्षी आले. हे दालन आणि मी एकाच महिन्यात लागलो कामाला.

लिहून घेताय? घ्या. तर बघा, राष्ट्रीय कलादालन म्हणून सगळे म्हणतात, पण सुरुवातीला काय होतं? एक ठराव होता. देशाला कलादालन पाहिजे, असा ठराव झाला, टाळ्या झाल्या, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की इमारत नाही आणि चित्रंही नाहीत. इमारत म्हणून जकातीचं जुनं गोदाम दिलं — तेच हे, वरचं मधलं दालन आहे ना, तिथं पोती रचलेली असायची, पहिली दोन वर्षं पावसाळी हवेत भिंतीतून मिरीचा वास यायचा. आणि चित्रं गोळा करायला एक माणूस दिला. त्याला एक जुनी गाडी, एक ड्रायव्हर, आणि पावत्या लिहायला मी. तो माणूस म्हणजे आमचे पहिले साहेब. आम्ही मास्तर म्हणायचो. शाळेत ड्रॉइंग शिकवत होते पंचवीस वर्षं. कोटाच्या खिशात खडू असायचा, मंत्र्याशी बोलतानासुद्धा बोटं पांढरी. मोठ्या घरांत गेलो आधी, साहजिकच आहे, तिथंच चित्रं असणार. सगळीकडे एकच उत्तर — आधी दालन उभं करा, मग बघू. चहा चांगला द्यायचे. तीन महिने नुसता चहा प्यायलो आम्ही. मग मास्तर एक दिवस गाडीत म्हणाले, आता साध्या घरांत जाऊ, माणूस घरातलं एखादं चित्र जिवापाड जपतो, तसलंच आपल्याला पाहिजे. ड्रायव्हर मला आरशातून बघत होता, म्हणजे आता वेड लागलं म्हातार्‍याला. पण गेलो. गल्लीबोळांत गेलो, गिरणीच्या चाळींत, खलाशांच्या वस्तीत. दारात उभं राहून मास्तर एकच वाक्य बोलायचे, मला पाठ झालंय — "आम्ही चित्र नेत नाही, फक्त त्याची भिंत बदलतोय."

तुमच्या आत्यांचं घर तसंच सापडलं. कुणी तरी सांगितलं, गणवेश शिवणारी बाई आहे, तिच्या मशीनवर एक चित्र टांगलेलं आहे. वर गेलो. एवढीशी खोली, निळ्या कापडाचे ढीग, आणि त्या मान वर न करता शिवतायत. मास्तर चित्रासमोर गेले आणि जे उभे राहिले ते उभेच. मी पावतीपुस्तक घेऊन दारात. चित्रात तुमची आजी खुर्चीत बसलेली, कामावरून येऊन — धुलाई कारखान्यात होत्या ना त्या — बूट काढून बाजूला टाकलेले, पाय पत्र्याच्या टबात, टबाच्या कडेचा टवका उडालेला, मान एका बाजूला कललेली, झोप लागलीय की लागणार आहे कळत नाही. मागं हिरवट करडी भिंत. बस. एवढंच. तुमच्या काकांनी आयुष्यात पुरं केलेलं तेवढं एकच. सव्विसाव्या वर्षी गेले ना? छातीचं दुखणं, हो. ते पाटीरंगारी होते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे, उरलेल्या डब्यांतले रंग आणि पिठाच्या पोत्याचं कापड, वर सरसाचा हात. मास्तरांनी सगळं विचारलं, सगळं मला लिहून घ्यायला लावलं. आणि आत्या म्हणाल्या, देणार नाही. मास्तरांनी आपलं ते भिंतीचं वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग मला माझी आई बघायची झाली तर?" मास्तरांनी माझ्या हातातून पावती घेतली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली, दात्यास चित्र केव्हाही पाहता येईल, आणि सही केली. तसं लिहायचा त्यांना अधिकार होता की नव्हता देव जाणे. आत्यांनी ती पावती दोनदा वाचली आणि मग स्वतःच स्टुलावर चढून चित्र उतरवलं. आमच्या कुणाला हात लावू दिला नाही. सदतिसावा नंबर. एकूण एकेचाळीस चित्रं झाली आणि आम्ही दार उघडलं.

पहिली नऊ वर्षं छान गेली, हे लिहा. चित्र दुसऱ्या खोलीत, खिडकीशेजारी. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आत्या यायच्या — शिवलेलं पोचवून दुपारची बस पकडायच्या. तिकीट घ्यायच्या, बरं का. मी म्हणायचे अहो तुम्हाला नाही लागत, तर म्हणायच्या, आई बघायला फुकट कशाला येऊ. लोक थांबायचे त्या चित्रापाशी, साधी माणसं जास्त, एकदा तर एक —

नाही, ते राहू दे. ते नंतरचं आहे.

मग दालन वाढलं. वाढणारच. एका कारखानदारानं दोनशे चित्रं देऊ केली, मोठी, नावाजलेली, परदेशी लिलावातली, आणि अट घातली — समोरची पाच दालनं माझी, दारावर माझं नाव, एकही चित्र कधी हलवायचं नाही. मास्तर म्हणाले, नको. वरून विचारणा झाली, नको म्हणणारे तुम्ही कोण? तीन महिन्यांत ते निवृत्त झाले. झाले म्हणजे केले. पुढं एकदोनदा दिसले मला, तिकिटाच्या रांगेत, पैसे हातात मोजून धरलेले. मी वर बघितलं नाही. काय बोलणार होते? त्यांची एकेचाळीस चित्रं तेव्हा खाली आली होती, या रॅकवर, माझ्या ताब्यात. मला बढती मिळाली होती ना. भांडारपाल. तुम्ही हसा, पण घरी पेढ्यासारखं काहीतरी वाटलं होतं मी.

तर आत्या आल्या मंगळवारी, दुसऱ्या खोलीत बघतात तर तिथं कुणा सरदाराचा घोडा. खाली आल्या शोधत. पावती काढून टेबलावर ठेवली. मी मास्तरांच्या जागी आलेल्या दुसऱ्या साहेबांकडे पावती घेऊन गेले, तर म्हणाले, ही ओळ कुणी लिहिली, हा कायदा नाही, पत्र आहे. मग मीच ठरवलं, म्हटलं या खाली, इथं बसा, मी रॅक ओढते. बारा वर्षं, ताई. बारा वर्षं पहिल्या मंगळवारी त्या तुम्ही बसलाय तिथं बसायच्या, मी सदतीस नंबरची चौकट रॅकवरून अर्धी बाहेर ओढायचे, आणि त्या बघत बसायच्या आणि हातानं काहीतरी शिवत असायच्या. माझ्या अंगावरचा हा कामाचा डगला त्यांचाच. माप न घेता शिवलाय, नुसतं बघून. कधी बोलायच्या — ही चप्पल नाही, बूट, आईला बूट दोन नंबर मोठे मिळायचे, कागद कोंबायची. हा टब शेजारणीचा. ही अंगठ्याची निळी चिंधी —

काय?

उद्याच्या समारंभाच्या पोस्टरवर नाहीये?

नाही. हो. नाहीये चिंधी. असं होतं कधी कधी, छापताना रंग... तुम्ही वर जाऊन मूळ चित्रातही बघितलं? आत्ताच? — आणि नाहीये. आत्या तुम्हाला सांगायच्या चिंधीचं? की गणवेशाच्या कापडातून त्यांनीच फाडून बांधली होती म्हणून? काका चित्र काढत होते तेव्हा. हं.

थांबा, जरा पाणी पिते. तुम्हाला हवंय? — पंखा नका लावू, कागद उडतात.

बघा, मी असं ठरवलं होतं की महिनाअखेरीपर्यंत तोंड उघडायचं नाही. किती दिवस राहिले, अकरा. तुम्ही खाली आला नसतात तर निभलं असतं. धन्यवाद म्हणाला नसतात तरी निभलं असतं. ते लिहिणं थांबवा आता. वही मिटा. वही मिटा म्हटलं ना.

नवी इमारत झाली आपली, काचेच्या छताची, तिचं उद्घाटन होतं. मला इथं लागून एकवीस वर्षं झाली होती. संध्याकाळचा समारंभ, सगळे वर, आणि नियम असा की एक माणूस तळघरात पाहिजेच. ती मी होते. आता बघा, त्या इमारतीतल्या नऊशे चित्रांच्या नावपट्ट्या मी टाइप केल्या होत्या, एकूण एक, आणि मी ती चित्रं लावलेली पाहिली नव्हती. म्हटलं अर्धा तास जाऊन यावं. नवे कपडे घालून आले होते मी त्या दिवशी, म्हणजे सकाळपासूनच मनात होतं, उगाच आता अर्धा तास म्हणायला काय अर्थ आहे. वर गेले. वाद्यवृंद होता. कुणीतरी मला बाईसाहेब म्हणालं, हातात सरबताचा ग्लास दिला. शेवटपर्यंत थांबले. आणि तिथूनच घरी गेले. खाली येऊन बघितलंसुद्धा नाही.

सकाळी दार उघडलं तर घोट्याएवढं पाणी. नव्या इमारतीची पाइपलाइन इथून वरून गेलीय — ती बघा, आता पत्र्याचं आवरण घातलंय — तिचा सांधा सुटला होता. रात्रभर धार. आणि धार नेमकी दुसऱ्या रॅकवर. सात चित्रं. सहा इतरांची. आणि तुमच्या काकांचं तर काय, तैलरंग असता तर टिकला असता काही, पण पाट्यांचा रंग, पोत्याचं कापड, खाली सरस. सरस विरघळला. मी उचलायला गेले तर दुधावरची साय निघावी तसा रंग हातावर आला. आधी चेहरा आला. मी तो परत ठेवायला बघत होते, कापडावर, जागच्या जागी. वेडेपणा. माझे नवे कपडे घरी घडी करून ठेवले होते मी आदल्या रात्री, असलं काहीतरी आठवतं मला त्या वेळचं.

दुसरे साहेब आले, पँट वर धरून. इमारतीच्या उद्घाटनाला दुसरा दिवस, पेपरात फोटो, आणि खाली हे. म्हणाले, सातांपैकी कुणाचं कुणी विचारायला येतं का? मी म्हटलं, सदतीसचं येतं. ते म्हणाले, नोंदवहीत लिहा, प्रदर्शनासाठी बाहेर. आणि तुम्ही काल संध्याकाळी कुठं होता ते मी विचारणार नाही. एवढंच बोलले. मी लिहिलं. सात ओळी, माझं अक्षर, चांगलं वळणदार. तुम्हाला दाखवू शकते, नोंदवही इथंच आहे. नको? नको.

नऊ दिवसांनी महिन्याचा पहिला मंगळवार आला. मला वाटलं होतं, त्यांना बघून मी खरं बोलून टाकेन. त्या जिन्यावरून उतरतायत, दम लागलाय, हातात पिशवी, आणि माझ्या तोंडून निघालं — अहो, चित्र परदेशी गेलंय. त्या अशा मटकन बसल्या. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. म्हणाल्या, "आई तर बसनं दोन थांब्यांपलीकडे कधी गेली नाही." मग कुठल्या शहरात, किती दिवस, बोटीनं की विमानानं. मी घरी जाऊन मुलाचा भूगोलाचा नकाशा काढला. पुढच्या महिन्याला दुसरं शहर, त्याच्या पुढच्याला तिसरं. नुसतं शहर पुरेना, त्या विचारायच्या, लोक काय म्हणतात? मग मी लोक आणले. एक परिचारिका रोज काम सुटल्यावर येऊन समोर बसते. एका म्हाताऱ्यानं समोर उभं राहून स्वतःचे बूट काढले. त्या ऐकायच्या आणि परत सांगायला लावायच्या. त्यांच्या गल्लीत सगळ्यांना माहीत झालं होतं, तुम्हीही ऐकलं असेल. खरं सांगू? मला आवडायला लागलं ते. महिनाभर मी पुढच्या मंगळवारची तयारी करायचे. माझा नवरा म्हणायचा, आज बाईंची स्वारी खुशीत दिसते. चार वर्षं असं. चार वर्षांत खऱ्या दालनातलं एक चित्र मी नीट बघितलं नसेल, आणि नसलेल्या चित्रासमोरची माणसं मला तोंडपाठ.

मग त्यांचे डोळे. तुम्ही नंतर राहायला आलात ना त्यांच्याकडे? म्हणजे तुम्ही बघितलं असेल. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थंडीपर्यंत जेमतेम. त्या मला म्हणाल्या, "चार वर्षं त्यांनी बघितली, आता एकदा मला बघू द्या. बोलावून घ्या परत." कधी काही मागितलं नव्हतं त्यांनी. मी म्हटलं, बोलावते.

आमच्याकडे मिस्त्री होते. चित्रांची डागडुजी करायचे, वरच्या मजल्यावर एकटेच, दिवसाला दहा शब्द बोलणारे. त्यांना पाणी भरल्याचं ठाऊक होतं, कारण चौकटी त्यांनीच सुकवल्या होत्या. त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, सदतीस परत पाहिजे. कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं, फोटो? फोटो म्हणजे नोंदपत्रिकेवरचा, काळापांढरा, टपालाच्या तिकिटाएवढा. रंग मी सांगितले. बारा वर्षं बघत होते, भिंतीत हिरवा कुठं संपतो आणि करडा कुठं लागतो, सगळं सांगितलं. टबाचा टवका सांगितला. बुटातला कागद सांगितला. चिंधी विसरले. कशी विसरले ते नका विचारू, पंधरा वर्षं मी स्वतःलाच विचारतेय. अकरा आठवडे लागले त्यांना. मूळ लाकडी चौकट तीच वापरली, नवं कापड तिच्यावर ताणलं. चौकटीच्या मागं तुमच्या काकांच्या हातची पेन्सिल आहे, तुम्हाला माहीत आहे का? 'आई सारखी हलते.' एवढंच लिहिलंय. ते पाण्यातही गेलं नव्हतं.

मी म्हटलं, इथंच खाली दाखवू, उजेड कमी आहे, त्यांची नजर अधू आहे. मिस्त्री ऐकेनात. एवढा एकच दिवस मोठ्यानं बोलले माझ्याशी. खोटं असलं तरी माझं काम आहे म्हणाले, अंधारात टांगणार नाही. सोमवारी दालन बंद असतं, तर काचेच्या छताखाली, मधल्या भिंतीवर टांगलं. मी आत्यांना बसथांब्यावरून हाताला धरून आणलं. खुर्ची ठेवली होती, बसल्या नाहीत. जवळ गेल्या, नाक टेकेल इतक्या जवळ, आणि आधी टबापाशी वाकल्या. डाव्या पायाच्या अंगठ्यावर बोट नेलं, लावलं नाही, नुसतं तिथं धरलं. तेव्हा मला चिंधी आठवली. मग त्या वर वर गेल्या, गुडघे, हात, चेहरा. चेहऱ्यापाशी खूप वेळ. फोटोत चेहरा म्हणजे ठिपका होता, ताई, आणि मला सांगता आला नव्हता, रंग सांगता येतात, चेहरा कसा सांगणार. मिस्त्री शिडी धरून उभे. त्या वळल्या आणि मला नाही, त्यांना विचारलं, "तुमची आई कुठं कामाला होती?"

मिस्त्री म्हणाले, "बाटल्या धुवायला. सोड्याच्या कारखान्यात."

मला तेव्हा कळलं तो चेहरा कुणाचा. मला सांगितलं नव्हतं त्यांनी. आत्यांनी मान हलवली. परत वळल्या चित्राकडे, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बाई दमलेली आहे, एवढं खरं." मग म्हणाल्या, उलटं करा जरा. आम्ही दोघांनी उतरवलं, भिंतीला उलटं टेकवलं. त्या खाली बसल्या, जमिनीवर, आणि त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर हात ठेवला. हात नुसता ठेवलेला. किती वेळ ते सांगता येणार नाही. नंतर उठल्या, पदरानं — नाही, रुमालानं — डोळे पुसले, मिस्त्रींना नमस्कार केला, मला म्हणाल्या, थांब्यापर्यंत यायची गरज नाही, जाईन मी. पुढच्या मंगळवारी मी वाट बघितली. त्याच्या पुढच्या. त्या परत कधी आल्या नाहीत. एक शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि आज तुम्ही येऊन म्हणता, त्यांनी सांगितलं, भेटून ये. मी काय समजू त्यातून? तुम्ही तरी सांगा. तुम्ही राहिलात त्यांच्याजवळ शेवटची वर्षं. त्यांनी राग केला की काय केलं? — ठाऊक नाही. हो, तुम्हाला तरी कुठून ठाऊक असणार.

पुढचं साधं आहे. मी नोंदवहीत 'परत आले' लिहिलं आणि रॅकवर ठेवलं. पंधरा वर्षं कुणी बघितलं नाही. हे नवे संचालक आले, तरुण आहेत, चांगला माणूस, खाली उतरणारा पहिलाच. रॅक ओढता ओढता सदतीसपाशी थांबले आणि जे उभे राहिले — मला मास्तरच आठवले. म्हणाले, पहिल्या एकेचाळीसांतलं हे? हे तळघरात? तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञांनी चौकट बघितली, लाकूड जुनं, अक्षर जुनं, नंबर बरोबर. एवढं असल्यावर कुणी कशाला खरवडून बघतंय. मी तेव्हा बोलायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायचे. मग पोस्टर छापून आले, चाळीस वर्षांच्या दालनाचं तोंड म्हणून तेच चित्र, बसथांब्यांवर लागलं, आणि मी बसनं येताना प्रत्येक थांब्यावर मिस्त्रींची आई. मिस्त्री गेले, सात वर्षं झाली. त्यांचं नाव कुठंच नाही. तुमच्या काकांचं आहे, ठळक, आणि त्यांचं चित्र नाही. असं करून ठेवलंय मी. पाण्यानं नाही केलं, मी केलं.

रडू नका. किंवा रडा, इथं कुणी येत नाही. मी काही माफीबिफी मागत नाही, त्याला आता उशीर झाला आणि मागायची तरी कुणाकडे. तुम्ही उद्या तिथं उभ्या राहाल, तुमच्या हातात माइक असेल. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचारू नका, मी इतकी वर्षं ठरवत होते आणि मला जमलं नाही. पेन्शन अडकेल, अडकू दे. नवे संचालक बिचारे तोंडघशी पडतील, ते वाईट होईल, खरंच वाईट होईल. आणि गप्प बसलात तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

उठा आता. पाच वाजता वरून दार लावतात. लिफ्ट बंद आहे, जिन्यानंच जा, सातव्या पायरीला कठडा हलतो, भिंतीकडून चढा. वर गेल्यावर डावीकडे संचालकांची खोली, सातपर्यंत असतात ते. उजवीकडे बाहेरचं दार. जा. मला यादी पुरी करायचीय. कुठं वळता ते मी बघणार नाही.